काट्याचा जुना मल्टिमीटर बिघडलाय? निर्लेखनाआधी दोष शोधूया



बऱ्याच शाळांच्या विज्ञानाच्या कपाटात एक काळा, जड डबा पडून असतो. वर काच, काचेखाली काटा, मध्ये गोल फिरवायचा खटका आणि एका टोकाला तुटक्या दोन वायरी. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद 'मल्टिमीटर, 1 नग, नादुरुस्त' अशी असते. काही घरांतही आजोबांच्या रेडिओ दुरुस्तीच्या पेटीत असा मीटर सापडतो. निर्लेखनाच्या यादीत नाव घालण्याआधी किंवा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला फक्त एक तास द्या, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

असे बरेच मीटर बिघडलेले नसतातच. सेल संपलेला असतो, वायर आतून तुटलेली असते किंवा खटक्यावर मळ बसलेला असतो. आणि समजा खरंच बिघडला असेल, तर 'दोष कसा शोधायचा' हे शिकवायला त्याच्यासारखं साधन नाही. बाजारात डिजिटल मीटर स्वस्तात मिळतो, पण तो फक्त आकडा दाखवतो. काट्याच्या मीटरमध्ये विद्युतधारेमुळे काटा प्रत्यक्ष हलताना दिसतो. आठवीचा 'धाराविद्युत आणि चुंबकत्व', नववीचा 'धाराविद्युत' आणि दहावीचा 'विद्युतधारेचे परिणाम' हे तिन्ही पाठ या एका डब्यात आहेत.

आधी सुरक्षा, मग बाकी सगळं

हा भाग कृपया वगळू नका.

1. या लेखातली एकही चाचणी घरच्या 230 व्होल्टच्या विजेवर करायची नाही. सगळं काम 1.5 व्होल्टचे सेल आणि 9 व्होल्टची बॅटरी यांवरच होतं.
2. मीटर उघडण्याआधी त्याच्या वायरी काढा, मग आतले सेल काढा.
3. दुरुस्त झालेला जुना मीटरसुद्धा सॉकेटमध्ये वीज आहे का हे बघायला वापरू नका. त्याचं इन्सुलेशन किती जुनं झालंय ते बाहेरून कळत नाही.
4. मीटरचा काटा हलला नाही म्हणजे तारेत वीज नाही, असं समजू नका. वायर तुटलेली असली, फ्यूज गेलेला असला तरी काटा शून्यावरच राहतो. बंद मीटर आणि बंद वीज दोन्ही दिसायला सारखीच! कुठल्याही मीटरवर विश्वास ठेवण्याआधी माहीत असलेल्या सेलवर तो चालतोय का ते बघा, मग मोजमाप करा आणि नंतर पुन्हा त्याच सेलवर तपासा. ही सवय मुलांना आत्ताच लागली, तर पुढे कधीतरी एखाद्याचा जीव वाचेल.

हा मीटर चालतो तरी कसा?

1820 साली हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी पाहिलं, की तारेतून विद्युतधारा गेली की जवळची चुंबकसूची हलते. मीटरचं मूळ तिथे आहे. पुढे 1882 मध्ये फ्रान्सच्या दार्सोन्व्हाल यांनी कायमचुंबकाच्या ध्रुवांमध्ये तारेचं हलकं वेटोळं, म्हणजे कुंतल, फिरतं ठेवलं. धारा गेली की कुंतल फिरतं आणि त्याला जोडलेला काटा सरकतो. केसासारख्या बारीक दोन स्प्रिंगा त्याला मागे ओढतात. धारा जितकी जास्त, तितका काटा पुढे. या स्प्रिंगांचं काम दुहेरी असतं. काट्याला परत आणायचं काम त्याच करतात आणि कुंतलापर्यंत धारा पोचवायचं कामही त्याच.

1923 च्या सुमारास ब्रिटिश पोस्ट खात्यातले अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांनी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम ही तिन्ही मोजमापं एकाच पेटीत आणली. त्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'ॲव्हो' हे नाव पडलं. जुने रेडिओ मेकॅनिक कुठल्याही मल्टिमीटरला 'ॲव्होमीटर' म्हणतात ते त्यामुळेच. आपल्याकडच्या कपाटांत जपानी सान्वा किंवा नाशिकच्या मोटवाने कंपनीचे मीटरही असू शकतात. नाव कुठलंही असो, आतलं तत्त्व तेच.

आता थोडं गणित करू, कारण पुढे दोष शोधताना हेच कामाला येणार आहे. अनेक जुन्या मीटरच्या तबकडीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'डीसी 20,000 ओहम प्रति व्होल्ट' अशा अर्थाची खूण असते. म्हणजे 1 व्होल्टला 20,000 ओहम रोध. ओहमच्या नियमाने 1 भागिले 20,000 = 0.00005 अँपिअर, म्हणजेच 50 मायक्रोअँपिअर. एवढ्याशा धारेत काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो! इतकं नाजूक यंत्र 250 व्होल्ट कसं मोजतं? कुंतलाच्या एकसर मोठे रोध जोडून. जास्त धारा मोजायची असेल तर कुंतलाला समांतर छोटा रोध जोडतात, म्हणजे बहुतेक धारा त्या बाजूच्या वाटेने निघून जाते. मधला गोल खटका फिरवला की आपण यातलीच वाट बदलत असतो.

तपासणीचा क्रम: बाहेरून आत, सोप्याकडून अवघडाकडे

दोष शोधताना मुलं (आणि मोठेही) लगेच स्क्रू खोलायला बसतात. तसं करू नका. डॉक्टर आधी विचारपूस करतात, मग तपासतात, मग गरज पडली तर रक्त तपासायला सांगतात. आपणही तसंच करायचं. जमल्यास तुलनेसाठी एक चालू डिजिटल मीटर जवळ ठेवा.

पायरी 1: डोळे, नाक आणि हात

काच फुटली आहे का? सेलच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवट पूड दिसते का? जळल्याचा वास येतो का? मीटर दोन्ही हातांत धरून हळूच डावी-उजवीकडे कलता करा. काटा मोकळा डुलला पाहिजे. एकाच जागी अडकत असेल तर ती जागा तबकडीवर कुठे येते ते वहीत लिहून ठेवा.

पायरी 2: काटा शून्यावर आहे का?

मीटर टेबलावर आडवा ठेवा. वायरी काढलेल्या असू द्या. काटा डावीकडच्या शून्यावर हवा. नसेल तर काट्याच्या मुळाशी, काचेखाली एक छोटा स्क्रू असतो. तो अगदी थोडा फिरवून काटा शून्यावर आणा. मग काचेवर बोटाने हलकी टिचकी मारा. टिचकीने काटा जागा बदलत असेल, तर धुरीपाशी घर्षण आहे.

इथे एक गमतीची गोष्ट होते. थंडीच्या कोरड्या दिवसांत कोरड्या फडक्याने काच पुसली, की काटा मध्येच कुठेतरी चिकटून बसतो. सगळ्यांना वाटतं मीटर गेला! खरं तर प्लॅस्टिकच्या काचेवर स्थिर विद्युतप्रभार आलेला असतो, केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो तसा. काचेवर तोंडाची वाफ सोडा किंवा भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या ओलसर फडक्याने पुसा. काटा आपोआप जागेवर येतो. हा प्रयोग चौथी-पाचवीच्या मुलांनाही दाखवता येतो.

पायरी 3: वायरी

सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतात. वायर बाहेरून धडधाकट दिसते, पण हातात धरायच्या दांडीपाशी सारखी वाकून आतली तार तुटलेली असते. खटका ओहमवर ठेवा, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा आणि वायर दांडीपाशी हलवून बघा. काटा उड्या मारत असेल तर चोर सापडला! काटा अजिबात हलत नसेल तर या वायरी बाजूला ठेवून दुसऱ्या कुठल्याही चांगल्या वायरीने मीटरच्या दोन छिद्रांना जोडून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मुलांकडून वदवून घ्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळतच नाही.

पायरी 4: सेल

व्होल्ट आणि धारा मोजायला मीटरला सेल लागत नाही. मोजायच्या परिपथातूनच त्याला धारा मिळते. सेल लागतो तो फक्त ओहम मोजायला. म्हणून व्होल्ट बरोबर आणि ओहम बंद असेल तर संशय सेलवर.

ओहमची पट्टी उलटी असते. शून्य उजवीकडे, अनंत डावीकडे. टोकं टेकवली की काटा उजवीकडच्या शून्यावर आला पाहिजे. न आल्यास 'ओहम शून्य' लिहिलेली फिरकी फिरवून आणायचा. फिरकी शेवटपर्यंत फिरवूनही काटा पोचत नसेल तर सेल उतरला आहे. हे आधी 'एक पट' रेंजवर जाणवतं. समजा पट्टीच्या मधोमध 20 आकडा आहे आणि आत 3 व्होल्ट आहेत. मग टोकं टेकवल्यावर धारा 3 भागिले 20, म्हणजे 0.15 अँपिअर. उरलेल्या रेंजना याच्या मानाने फारच थोडी धारा लागते. थकलेला सेल हलकं काम करतो, जड कामाला बसतो.

याउलट सगळ्या ओहम रेंज चालतात आणि फक्त सर्वांत मोठी चालत नाही, असं असेल तर मीटरचा मागचा भाग बघा. मोठ्या रोधासाठी अनेक मीटरमध्ये 9 व्होल्टची किंवा त्याहून जास्त व्होल्टची वेगळी बॅटरी असते. ती बदलायची राहून गेलेली असते.

सेल फुटून रस बाहेर आला असेल तर हातमोजे घाला. अल्कलाइन सेलची पांढरी पूड व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. साध्या झिंक-कार्बन सेलचा रस आम्लधर्मी असतो, तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी वापरा. नंतर साध्या पाण्याच्या ओलसर काडीने पुसून पूर्ण वाळू द्या. थेंब आत गळू देऊ नका. पत्र्याच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना उदासीन करतात, हा पाठही इथे होऊन जातो. ही सफाई मात्र मोठ्यांनीच करायची.

पायरी 5: फ्यूज

काटा मोकळा आहे, वायरी चांगल्या आहेत, सेल नवा आहे, तरी काहीच हलत नाही? फ्यूज बघा. काही जुन्या मीटरमध्ये तो नसतोच, पण असला तर काचेच्या छोट्या नळीच्या रूपात असतो. काढून डिजिटल मीटरने तपासा, कारण नुसत्या डोळ्यांना तुटलेली बारीक तार दिसेलच असं नाही. फ्यूज बहुधा का जातो? खटका अँपिअरवर ठेवून कुणीतरी टोकं थेट बॅटरीला लावलेली असतात. धारेच्या रेंजवर मीटरचा रोध अगदी कमी असतो, त्यामुळे ते जवळजवळ लघुपरिपथनच होतं.

नवा फ्यूज जुन्यावर छापलेल्या अँपिअरचाच घाला. चांदीचा कागद किंवा तांब्याची तार गुंडाळून 'तात्पुरतं' चालवायचं नाही. मुलं बघत असतात!

पायरी 6: मधला खटका

खटका फिरवताना काटा थरथरतो, मध्येच येतो-जातो, किंचित दाबल्यावर बरोबर दाखवतो, अशी लक्षणं असतील तर खटक्याच्या आतल्या पट्ट्या काळवंडल्या आहेत. वायरी काढून ठेवा आणि खटका सगळ्या रेंजमधून वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे फिरवा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरचे एक-दोन फवारे मारून पुन्हा फिरवा, वाळू द्या. खोबरेल तेल, शिवणयंत्राचं तेल असलं काही घालू नका. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात दोष परत येतो.

पायरी 7: कुठल्या रेंज चालतात, कुठल्या नाही?

इथून पुढे खरं डोकं लढवायचं. कागदावर दोन रकाने करा, 'चालते' आणि 'चालत नाही'. प्रत्येक रेंज त्यात भरा. ही यादीच दोषाचा पत्ता सांगते.

चला, एक उदाहरण सोडवूया. 20,000 ओहम प्रति व्होल्टच्या मीटरला 2.5, 10, 50 आणि 250 व्होल्ट अशा डीसी रेंज आहेत. प्रत्येक रेंजला एकूण रोध किती असायला हवा?

- 2.5 व्होल्ट: 50,000 ओहम
- 10 व्होल्ट: 2,00,000 ओहम
- 50 व्होल्ट: 10,00,000 ओहम
- 250 व्होल्ट: 50,00,000 ओहम

अनेक मीटरमध्ये हे रोध एकापुढे एक साखळीत जोडलेले असतात. म्हणजे 10 ची रेंज करताना 2.5 च्या रोधाला आणखी 1,50,000 ओहम जोडायचे, 50 करताना त्यात आणखी 8,00,000, आणि 250 करताना आणखी 40,00,000. आता सांगा, 2.5 आणि 10 चालतात, पण 50 आणि 250 दोन्ही बंद आहेत. कुठला रोध तुटला असेल? बरोबर, 8,00,000 ओहमचा. तो 50 आणि 250 दोन्हींच्या वाटेत आहे, पण 10 च्या वाटेत नाही. दिवाळीच्या माळेतला एक दिवा गेला की बाकीचे का विझतात, हाच प्रश्न इथे वेगळ्या वेशात आलाय.

याची खात्री मीटर न उघडता, कुठलीही वीज न लावता करता येते. जुना मीटर डीसी 10 व्होल्टवर ठेवा आणि त्याच्या दोन टोकांमधला रोध डिजिटल मीटरने मोजा. 2,00,000 च्या आसपास आला पाहिजे. मग पुढची रेंज, मग त्याच्या पुढची. 250 व्होल्टची रेंजसुद्धा अशी 250 व्होल्टला हात न लावता तपासून होते. आकडा बराच जास्त आला तर रोध जुना होऊन वाढलाय. रोध वाढला की धारा कमी, म्हणून मीटर कमी दाखवणार. डिजिटल मीटर काहीच दाखवत नसेल तर वाट तुटली आहे.

आणखी काही लक्षणं:

- डीसी बरोबर, एसी बंद किंवा फारच कमी: संशय एसीचं डीसी करणाऱ्या डायोडवर. एसी 10 व्होल्ट रेंजवर दोन सेल, म्हणजे 3 व्होल्ट लावून बघा. मग टोकं उलटी करून बघा. आकडा चुकीचाच येईल, कारण ती पट्टी एसीसाठी आखलेली आहे. पण निदान एका बाजूने तरी काटा हलला पाहिजे. दोन्ही बाजूंनी ढिम्म असेल तर दोष तिथेच.
- फक्त 'एक पट' ओहम चुकीचा, सेल नवा: ओहमवर खटका ठेवून कुणीतरी व्होल्ट मोजायला गेलंय. आतला कमी ओहमचा रोध जळालाय. झाकण उघडल्यावर काळपट रोध सहसा दिसतोच. रंगपट्ट्या वाचून तसाच नवा घ्यायचा आणि सोल्डरिंग येणाऱ्याकडून डाग देऊन घ्यायचा.
- सगळ्या डीसी रेंजवर सारख्याच प्रमाणात कमी: दोष सगळ्यांच्या सामाईक भागात, म्हणजे कुंतल, चुंबक किंवा त्याला समांतर जोडलेल्या रोधात.

पायरी 8: काट्याचं यंत्र जिवंत आहे का?

काहीच जमलं नाही तर शेवटी काट्याचं यंत्र तपासायचं. पण त्याला थेट सेल लावू नका! समजा कुंतलाचा रोध 2,000 ओहम आहे. 1.5 व्होल्ट लावले तर 750 मायक्रोअँपिअर धारा जाईल, सहन होणाऱ्या धारेच्या 15 पट. काटा धाडकन आपटून वाकेल.

योग्य रीत अशी. झाकण उघडा, आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा, टेबलावर पांढरा कागद पसरा (आतलं चुंबक लोखंडाचे कण ओढून घेतं). यंत्राच्या मागच्या दोन टोकांपैकी एकाची तार सोडवा. 1.5 व्होल्टचा सेल आणि 1,00,000 ओहमचा रोध एकसर जोडून यंत्राला लावा. धारा होते साधारण 15 मायक्रोअँपिअर. 50 मायक्रोअँपिअरचं यंत्र असेल तर 0 ते 10 च्या पट्टीवर काटा 3 च्या किंचित अलीकडे थांबला पाहिजे. थांबला? मग कुंतल, स्प्रिंगा आणि चुंबक सगळं ठीक आहे. काटा उलटा गेला तर फक्त सेल उलटा करा.

सेलसुद्धा नको असेल तर आणखी सोपी युक्ती आहे. तार सोडवलेलीच ठेवून मीटर हळूच हलवा, काटा कसा डुलतो ते पाहा. मग यंत्राची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडा आणि पुन्हा तसंच हलवा. काटा आता जड, सुस्त वाटला तर कुंतल अखंड आहे. चुंबकीय क्षेत्रात कुंतल हललं की त्यात धारा निर्माण होते आणि ती त्या हालचालीलाच विरोध करते. दहावीतलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन हेच. दोन्ही वेळा काहीच फरक जाणवला नाही तर कुंतल तुटलं असण्याचा संशय घ्यायचा.

कुंतल तुटलेलं किंवा स्प्रिंग गुंतलेली निघाली तर तिथे थांबायचं. ते घड्याळजीच्या हाताचं काम आहे. पण तेव्हाही मीटर भंगारात देऊ नका. झाकणाच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिक लावून ठेवा. चुंबक, कुंतल, रोध सगळं दाखवणारा तयार नमुना मिळतो.

बिघाड नसतानाही चुकीचा आकडा?

हे दोन मुद्दे समजले नाहीत तर चांगला मीटरही नादुरुस्तच्या यादीत जातो.

पहिला मुद्दा अचूकतेचा. काट्याच्या मीटरची त्रुटी पूर्ण पट्टीच्या टक्क्यांत देतात. डीसीसाठी 3 टक्के लिहिलं असेल तर 10 व्होल्टच्या रेंजवर कुठेही 0.3 व्होल्टचा फरक चालतो. 6 व्होल्टच्या जागी 5.8 दिसले तर तो दोष नाही. पण 1.5 व्होल्टचा सेल त्याच रेंजवर मोजला तर तोच 0.3 फार मोठा होतो. म्हणून काटा पट्टीच्या उजव्या अर्ध्या भागात येईल अशी रेंज निवडायची. तबकडीवर आरशाची पट्टी असेल तर एक डोळा मिटून काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आल्यावरच वाचायचं. तिरकं बघून वाचलं की एकाच काट्याचे तीन मुलं तीन आकडे सांगतात.

दुसरा मुद्दा जास्त मजेशीर आहे. 9 व्होल्टच्या बॅटरीला 1,00,000 ओहमचे दोन रोध एकसर जोडा. एका रोधावर किती व्होल्ट? मुलं म्हणतील 4.5. आता काट्याचा मीटर 10 व्होल्टवर ठेवून मोजा, 3.6 च्या आसपास दाखवेल. 50 व्होल्टवर ठेवा, 4.3 च्या आसपास. आणि 1 कोटी ओहम रोधाचा डिजिटल मीटर जवळजवळ 4.5 दाखवेल. खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. 10 च्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध 2,00,000 ओहम आहे. तो 1,00,000 ला समांतर जोडला गेल्यावर तिथला रोध सुमारे 66,700 ओहम उरला आणि विभवांतर खरोखरच कमी झालं. मीटरने बरोबर मोजलं, पण मोजता मोजता परिपथच बदलला. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित कागदावर करून मग प्रत्यक्ष मोजायला द्या. उत्तर जुळलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

वर्गात कसं वापराल?

- तिसरी ते पाचवी: पट्टी वाचन. दोन आकड्यांमध्ये किती घरं, एका घराची किंमत किती? संख्यारेषेचा इतका चांगला सराव क्वचितच मिळतो. सोबत स्थिर विद्युतचा प्रयोग.
- सहावी ते आठवी: एक, दोन, तीन, चार सेल एकसर जोडून व्होल्ट मोजणे, डिजिटलशी तुलना करणे आणि आलेख काढणे. ओहमवर ठेवून खोडरबर, पेन्सिलचं शिसं, किल्ली, ओली दोरी तपासणे.
- नववी-दहावी: पायरी 7 मधलं कोडं. शिक्षकांनी मुद्दाम एक दोष तयार करावा (सेल उलटा, फ्यूज काढलेला, वायर तुटलेली) आणि गटांना शोधायला द्यावा.

प्रत्येक गटाला एक 'दोष-शोध वही' द्या. तिच्यात चारच रकाने: काय दिसलं, मला कशाचा संशय आहे, मी काय तपासलं, काय कळलं. उत्तर चुकलं तरी चालेल, रकाना रिकामा नको. निरीक्षण, अनुमान, पडताळणी या ज्या अध्ययन निष्पत्ती आपण टाचणात लिहितो, त्या या वहीत मुलांच्या अक्षरात दिसतात.

पालकांसाठी एक विनंती. घरात असा मीटर असेल तर रविवारी मुलांसोबत पहिल्या पाच पायऱ्या करून बघा. 'बिघडलं, नवीन आणू' याच्या आधी 'कशामुळे बिघडलं असेल?' हा प्रश्न घरात विचारला जाऊ दे. सायकल, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळीकडे तोच प्रश्न कामाला येतो.

काम झाल्यावर खटका 'बंद' खुणेवर किंवा ती नसेल तर सर्वांत मोठ्या डीसी व्होल्ट रेंजवर ठेवा. ओहमवर ठेवून मीटर कपाटात गेला आणि वायरींची टोकं एकमेकांना लागली, तर सेल दुसऱ्या दिवशी संपलेला मिळेल. लांबच्या सुट्टीत सेल काढूनच ठेवा. आणि झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: कधी तपासला, काय बदललं, कुठली रेंज अजून चालत नाही. पुढे ज्या शिक्षकांच्या हातात हा मीटर जाईल, त्यांना त्या चिठ्ठीवरूनच सुरुवात करता येईल.